गव्याचे सुतक

एकदा एका गावाला एका गव्याची सवय झाली होती.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होते. वर सडा, म्हणजे विस्तीर्ण खडकाळ पठार, सड्याच्या कडेने रान आणि खाली नदीच्या वळणावर दीडदोनशे घरे. दिवेलागणीच्या सुमारास तो गवा सड्याच्या कडेने चालत जात असे. कळपातून बाहेर पडलेला, एकटा, म्हातारा. त्याचे काळेभोर अंग तिन्हीसांजेत विरघळून जाई आणि गुडघ्यापर्यंत पांढरे असलेले त्याचे पायच तेवढे दिसत. खालून पाहणाऱ्याला वाटे, देह कुठेतरी मागे ठेवून चार पाय एकटेच फिरायला निघाले आहेत. उंबऱ्यात पणती ठेवणाऱ्या बाया म्हणत, "गेला हो थोरला," आणि स्वयंपाकाला लागत. त्याला हे नाव कुणी दिले ते कुणालाच सांगता आले नसते.

त्याच गावात नदीकाठच्या मठीत एक वृद्ध गुरू राहत. त्यांच्याजवळ एक तरुण शिष्य होता. मनाने निर्मळ, पण अतिशय भिडस्त. चार माणसांत बोलायची वेळ आली की त्याचे शब्द घशातच बसून राहत. बाजारात कुणी जून भेंडी पदरात घातली तरी तो ती मुकाट्याने घेऊन येई, आणि गुरू ती मुकाट्याने चावत.

गावात हिरड्याचा एक व्यापारी होता. त्याला शिकारीचा शौक होता. त्याच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगे होती, बिबट्याचे कातडे होते, आणि पाहुणे आले की तो त्या भिंतीखाली बसून एकेकाची गोष्ट सांगे. वैशाखात एके दिवशी त्याच्याकडे बैलगाडीतून एक मोठे खोके आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्याची खिडकी उघडी राहिली आणि रस्त्याने जाणाऱ्यांना भिंतीवर थोरल्याचे मस्तक दिसले.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. शिष्यही धावत गेला. खिडकीच्या गजांना धरून त्याने आत पाहिले. ती रुंद कपाळपट्टी, ती प्रचंड शिंगे, आणि डोळ्यांच्या जागी काचेच्या दोन गोट्या. त्या गोट्यांमध्ये खिडकीचा उजेड पडला होता आणि त्या उजेडात गजांना धरून उभा असलेला एक इवलासा माणूस दिसत होता. तो स्वतःच होता.

त्या क्षणी त्याच्या घशातली गाठ सुटली. तो समोरच्या पारावर चढला आणि त्याच्याच कानांना अनोळखी वाटणाऱ्या आवाजात म्हणाला, "तुमच्या घरातलं माणूस मारून कुणी त्याचं डोकं भिंतीवर टांगलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? थोरला आपल्या घरचा नव्हता का?"

"होता!" लोक गरजले.

आजवर ज्यांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिले नव्हते ते म्हणू लागले, "बोला महाराज, अजून बोला." तो संध्याकाळी पुन्हा बोलला. दुसऱ्या दिवशी बाजारात बोलला. प्रत्येक वेळी शब्द अधिक धारदार होत गेले, ऐकणारे वाढत गेले, आणि रात्री मठीत अंथरुणावर पडले की त्या गर्जना त्याला समुद्रासारख्या ऐकू येत. दुःख तर होतेच. पण त्या दुःखाला एक विलक्षण गोडीही आली होती आणि ती त्याला कळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सारे गाव व्यापाऱ्याच्या माडीसमोर जमले. कुणी दगड आणले होते, कुणी तेलात भिजवलेल्या चिंध्या. आत व्यापारी होता, त्याची बायको होती आणि दोन लहान मुली होत्या. गणबा लोहाराने हातातली मशाल उंच केली आणि शिष्याकडे पाहिले. "तुम्ही म्हणा महाराज. तुम्ही म्हटलं की पेटवतो."

शिष्याचे तोंड उघडले. तेवढ्यात गर्दी मागून फाटली आणि वाटेने गुरू चालत आले. त्यांनी डोके पूर्ण भादरले होते. कमरेला ओला पंचा होता आणि पायांत वहाणा नव्हत्या.

लोक चपापले. मोळी विकणारी म्हातारी यसाई पुढे झाली. "अगं बया! बाबा, कोण गेलं हो तुमचं?"

"माझं एकट्याचं कुठे? तुम्हीच तीन दिवस ओरडताय, घरचा गेला म्हणून. मला आज नीट ऐकू आलं. म्हणून नदीवर जाऊन अंघोळ करून आलो." गुरूंनी सर्वांवरून दृष्टी फिरवली. "पण तुम्ही हे काय चालवलंय? घरचा गेला म्हणता आणि अंगावर धुवट कपडे, डोक्यावर केस, तोंडात विडा? आणि सुतकातलं माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्याला शिवतं का कधी?"

गर्दीत चुळबुळ झाली. गणबा म्हणाला, "बाबा, जनावराचं कुठं सुतक असतंय?"

"नसतं? मग तो घरचा नव्हता म्हणायचा. मग त्याच्यापायी हे दार जाळायचा तुझा संबंध काय?"

मागून कुणीतरी टोमणा मारला, "आणि गोत्र काय धरायचं गव्याचं?"

"ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं कश्यप धरतात," गुरू शांतपणे म्हणाले. "सगळ्या जीवांचा बाप तोच म्हणतात. काही अडत नाही. बरं, वारला कधी तो?"

ते कुणालाच ठाऊक नव्हते. शिष्यानेही इतके बोलून हे कधी विचारले नव्हते. बंद फाटकामागे उभा असलेला व्यापाऱ्याचा म्हातारा गडी दबक्या आवाजात म्हणाला, "शिमग्याच्या आधी. बार झाला तेव्हा गावाला वाटलं, कुठंतरी वरात आहे. डोकं पेंढा भरून यायला दोन महिने लागले."

"शक्यच नाही," यसाई म्हणाली. "अहो, ते डोकं दिसलं त्याच्या आदल्या संध्याकाळी पणती ठेवताना मी म्हटलं की, गेला हो थोरला!"

दोघेतिघे हसले. मग हसू थांबले. एकेका बाईचा हात तोंडाकडे गेला, कारण त्या संध्याकाळी प्रत्येकीनेच तसे म्हटले होते. दोन महिने सारे गाव रोज संध्याकाळी तसे म्हणत होते, आणि दोन महिने सड्यावर कुणी नव्हते.

गुरू एवढेच म्हणाले, "लांबची बातमी उशिरा कळली, तर कळल्यापासून सुतक धरतात. आजपासून दहा दिवस. ज्यांचा तो होता त्यांनी धरावं, ज्यांचा नव्हता त्यांनी घरी जावं. दहाव्यानंतर तुम्हाला जे करायचं ते करा, मी आडवा येणार नाही." मग ते शिष्याकडे वळले. "बाळ, सगळ्यांत मोठ्यानं तू रडलास. क्रिया तू धरायचीस."

त्या दिवशी नदीवर शिष्याचे केस उतरवले गेले. त्याच्याबरोबर आणखी साठसत्तर जणांनी डोकी भादरून घेतली. नावाड्याने जाता जाता विचारले, "काय रे, गावात कुंभाराची भट्टी लागलीय की काय? सगळी मडकी ओळीनं मांडलीत!" पण कुणी हसले नाही.

मग ते दहा दिवस सुरू झाले.

सुतकात बोलणे कमी असते. अळणी जेवण, जमिनीवर निजणे आणि दिवसभर बसून राहणे. पहिले दोन दिवस मठीच्या अंगणात माणसे मावेनात. व्यापाऱ्याला शिव्या देण्यात वेळ जाई. तिसऱ्या दिवसापासून शिव्या संपल्या आणि कंटाळा आला. कुणाची म्हैस व्यायली, कुणाचे दुकान खोळंबले. अळणी आमटीला तोंडे वाकडी करीत एकेक जण उठून गेला. "दहाव्याला येतो," असे मात्र प्रत्येकाने सांगितले, आणि तेल लावलेल्या चिंध्या जपून ठेवल्या.

शिष्य बसून राहिला. आता ऐकायला कुणी नव्हते, त्यामुळे त्याचे शब्द पुन्हा आत जाऊन बसले. संध्याकाळी तो सड्याकडे तोंड करी. उन्हाने पांढरा पडलेला डोंगर हळूहळू निळा होई, मग जांभळा, मग त्याची फक्त कड उरे. तिथे काहीही हलत नसे. आणि आपण इतकी वर्षे ज्याला पाहत आलो तो गवा नजरेसमोर आणायचा प्रयत्न तो करी, तेव्हा चार पांढरे पाय येत. त्यांच्यावरचा देह काही केल्या येत नसे. कान कसे होते? चालताना मान खाली असे की वर? त्याला माहीत नव्हते.

आठव्या दिवशी दुपारी भिंतीला टेकल्याटेकल्या त्याचा डोळा लागला. स्वप्नात तो सड्यावर होता. गवत उंच वाढले होते आणि त्याला आवाज नव्हता. थोरला समोर उभा होता. शिष्याने हात जोडून विचारले, "तुला काय हवं आहे?" गव्याने मान उचलली. पण ते मुख तेच होते, खिडकीतून पाहिलेले. डोळ्यांच्या जागी तशाच काचेच्या गोट्या. तो दचकून जागा झाला. ज्याच्यासाठी आपण तीन दिवस रक्त आटवून बोललो त्याचे जिवंतपणीचे तोंड आपण एकदाही पाहिले नाही, त्याची आपल्याला जी काही ओळख आहे ती व्यापाऱ्याच्या भिंतीवरचीच आहे, हे त्याला त्या दुपारी कळले. त्याने ते गुरूंना सांगितले नाही. गुरू अंगणात बसून दर्भ निवडत होते.

दहावा दिवस उजाडला. घाटावर सारे गाव लोटले. शिष्याने नदीत बुडी मारून भाताचा पिंड केला, त्यावर काळे तीळ घातले, शेजारी दह्याचा द्रोण ठेवला आणि सगळे दहा पावले मागे सरले.

घाटावरच्या उंबरावर कावळे बसले होते. भरपूर होते. एकही खाली उतरेना.

गेलेल्याचे मन कशात तरी अडकले असले की कावळा शिवत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होते. अशा वेळी घरच्यांनी ओळखायचे असते की त्याचे काय राहून गेले, आणि शब्द द्यायचा असतो.

गणबा पुढे झाला. "थोरल्या, काळजी करू नको. ज्यानं तुला मारलं त्याची माडी आज संध्याकाळी उरणार नाही."

कावळे चोचीने पिसे साफ करीत राहिले.

गावच्या पाटलांनी घसा खाकरला. "पाराजवळ तुझा दगडी पुतळा उभारू. अगदी जिवंत वाटेल असा."

काही नाही.

"दरसाल तुझ्या नावानं जत्रा भरवू," कुणीतरी म्हणाले. त्यावर एक कावळा उडाला आणि नदीपलीकडे निघून गेला.

"बघा, त्याला गर्दी आवडली नाही," यसाई पुटपुटली. "आयुष्यभर एकटा राहिला बिचारा, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर पिपाण्या वाजवणार."

शेवटी शिष्य गुडघ्यांवर बसला. त्याने डोळे मिटले. "मी तुझं नाव गावोगाव नेईन. तुझ्यावर झालेला अन्याय मी कुणाला विसरू देणार नाही."

तो मनापासून बोलला होता. त्याने डोळे उघडले तेव्हा पिंड तसाच होता.

दुपार झाली. ऊन दगडांतून वर येऊ लागले. लोकांचा धीर सुटला. "बाबा, दर्भाचा कावळा करा आणि शिववून टाका. सगळेच करतात. आम्हाला पुढचं काम आहे."

"दर्भाचा कावळा आपल्या हातातला असतो. आपण म्हणू तिथे शिवतो," गुरू म्हणाले. "जरा आठवा की. घरचाच ना तुमच्या? काय आवडायचं त्याला?"

"गवत," एक जण म्हणाला.

"कुठलं?"

"असंच. हिरवं."

"पाणी कुठे प्यायचा?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. शिष्याने मान खाली घातली.

त्याच वेळी घाटाच्या वरच्या पायरीवर व्यापारी दिसला. एकटाच होता. पायांत वहाणा नव्हत्या, दाढी वाढली होती. यसाईने कधीतरी गुपचूप उठून जाऊन त्याच्या मागच्या दाराशी घाटावरची हकीकत सांगितली होती, हे नंतर कळले. तो दिसताच गर्दी दातओठ खात उसळली. गणबाने वाकून दगड उचलला.

"दहाव्याला आलेल्या माणसाला कुणी अडवत नाही," गुरू म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण दगड खाली गेला.

व्यापारी पायऱ्या उतरत म्हणाला, "त्याला काय हवं होतं ते मला माहीत आहे."

"तुला?" गणबा किंचाळला. "तू मारलास त्याला! तू कोण सांगणारा?"

गुरू शिष्याला म्हणाले, "क्रिया तू धरली आहेस. याला विचारायचं की नाही, ते तू ठरव."

साऱ्या गावाचे डोळे शिष्यावर होते. "नाही" एवढे म्हटले असते तर लोकांनी त्याला खांद्यावर घेतले असते आणि पुन्हा तो समुद्र गरजला असता. त्याने उंबराकडे पाहिले. मग, आपलाच हात विस्तवात घालावा तसे, तो व्यापाऱ्याला म्हणाला, "सांगा. काय हवं होतं त्याला?"

व्यापारी खाली बसला आणि पाण्याकडे पाहत बोलू लागला. "अठरा संध्याकाळी मी त्याच्या वाटेवर बसलो होतो. डावा कान फाटका होता. उजव्या डोळ्यानं त्याला दिसत नसावं, कारण काही पाहायचं झालं की तो सगळी मान फिरवायचा. कारवीचा कोवळा पाला फार आवडीनं खायचा, पण दात गेले होते, निम्मा खाली पडायचा. सड्यावरून उतरून रोज तो तुमच्या झऱ्यापाशी यायचा."

"झऱ्याला भिंत आहे," पाटील म्हणाले.

"हो. त्या भिंतीपाशीच यायचा. दगडांना नाक लावायचा. पलीकडे पाणी वाजत असायचं. घटकाभर तसाच उभा राहायचा, मग वळून परत जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बहुधा तिथं पाणी होतं एवढंच त्याला आठवत होतं, भिंत आठवत नव्हती." तो थांबला. "अंगावर चालून आलेला गवा मी एका गोळीत लोळवला, असं मी पाहुण्यांना सांगतो. खोटं आहे ते. तो भिंतीला नाक लावून उभा होता. माझ्याकडे त्याचा आंधळा डोळा होता. लहान मुलानंही मारला असता."

घाटावर इतकी शांतता पसरली की नदी अचानक जवळ आल्यासारखी वाटली.

त्या भिंतीची गोष्ट सर्वांना ठाऊक होती. जनावरे पाणी गढूळ करतात म्हणून तीन वर्षांपूर्वी गावाने झऱ्याभोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत घातली होती. घरटी एक माणूस राबला होता. शिष्यानेही राबणाऱ्यांत चार दिवस दगड वाहिले होते. कुठला दगड कुठे बसला आहे तेही त्याला आठवत होते. काम संपले त्या दिवशी गूळखोबरे वाटले होते.

शिष्याने ओंजळीत पाणी घेतले. या वेळी त्याचा आवाज इतका लहान होता की मागच्यांना ऐकूही गेला नाही. "भिंत काढतो. तुला उपयोग नाही आता. पण तुझ्या मागे जे आहेत त्यांना पाणी मोकळं करतो."

त्याने पाणी सोडले. लगेच पाटील म्हणाले, "अरे, असा कसा शब्द देतोस? पाणी गढूळ होईल. गावानं प्यायचं काय?"

"खालच्या अंगाला त्यांच्यासाठी वेगळं टाकं करता येईल," कुणी म्हणाले.

"आणि बांधायचं कुणी?"

"गाळून प्या की!" यसाई खेकसली. "आमच्या आया दुपदरी लुगड्यातून गाळूनच पाजत होत्या. मेलात का तुम्ही कुणी? भिंत घालून तीन वर्षं झाली, आणि ऐट बघा!"

"म्हातारे, तुझं लुगडं आण मग."

"आणते! तुझ्या तोंडालाही बांधते!"

हशा पिकला, वाद वाढला, सगळे एकदम बोलू लागले. त्या गलबल्यात पिंडाकडे कुणाचेच लक्ष नव्हते. शिष्याने मान वळवली तेव्हा पिंडाची एक बाजू उसकटलेली होती, काळे तीळ दगडावर सांडले होते आणि एक कावळा चोचीत भात घेऊन सड्याच्या दिशेने संथपणे उडत चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत शिष्य पाहत राहिला. त्याने कुणाला हाक मारली नाही. मग हळूहळू एकेकाचे लक्ष गेले आणि बोलणे आपोआप थांबले.

सर्वांनी पुन्हा अंघोळी केल्या. सुतक फिटले. गणबाने मशाल उचलली, पण ती हातात कशी धरावी हे त्याला कळत नसल्यासारखे दिसत होते. "मग आता? शेठच्या माडीवर जायचं ना, महाराज?"

गुरू आडवे आले नाहीत. त्यांनी दहा दिवस मागितले होते आणि ते संपले होते.

शिष्याने व्यापाऱ्याकडे पाहिले. राग कुठेही गेला नव्हता. उलट आता तर त्याला माहीत होते की तो आंधळा डोळा कोणत्या बाजूचा होता, आणि त्यामुळे राग अधिक खोल गेला होता. पण त्याला गर्जना नको होती. "मशाली राहू द्या," तो म्हणाला. "पहारी आणा. उद्या सकाळी झऱ्यावर."

व्यापाऱ्याने विचारले, "मी येऊ?"

शिष्याने त्याच्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "तुम्ही आम्हाला नको आहात. पण दगड जड आहेत."

परतताना नदीच्या वाळूतून गुरू पुढे आणि शिष्य मागे चालत होता. पाण्यावर सोनेरी धूळ पसरली होती. शिष्याने विचारले, "गुरुजी, मग दोष कुणाचा? आमचाच का?"

गुरू थांबले. "गोळी त्याची, बाळ. ते पाप त्याचं. तुमच्या भिंतीनं त्यातला कण कमी होत नाही, आणि त्याच्या पस्ताव्यानंही नाही. पण तू मला दोष विचारतोस, मी तुला दुसरं सांगतो. रागाला ओळख लागत नाही. कुणासाठीही, न पाहता, घरी बसून रागावता येतं. म्हणून तो इतका सोपा आणि इतका गोड असतो. आपल्या जुन्या माणसांनी शोक करायला बसवलं, तेव्हा तू किती रडतोस हे विचारलं नाही. गेलेल्याला काय हवं होतं, हे विचारलं. त्याचं उत्तर द्यायचं तर त्याच्या वाटेवर जाऊन बसावं लागतं. थोरल्याच्या वाटेवर गावातला एकच माणूस जाऊन बसला, आणि तो बंदूक घेऊन बसला. माझं दुःख एवढंच आहे."

थोड्या वेळाने शिष्याने विचारले, "कावळ्याला हे सगळं कळतं का?"

"मला काय माहीत? मी काय कावळा आहे?" असे म्हणून गुरू पुन्हा चालू लागले.

दुसऱ्या दिवशी भिंतीचे दगड उतरले. सगळे नाही, सड्याच्या बाजूचे. व्यापाऱ्याने पांढऱ्या कापडात गुंडाळून मस्तक आणले होते. मातीत ठेवण्यापूर्वी शिष्याने ते मांडीवर घेतले आणि दोन्ही गोट्या आपल्या बोटांनी काढून टाकल्या. मग त्याने डाव्या कानाची फाटलेली कड चाचपून पाहिली. व्यापारी शेजारी उभा होता. एक लांबट दगड एकट्याला हलेना तेव्हा दोघांनी मिळून उचलला आणि दोघांनी मिळूनच बाजूला ठेवला. त्या दिवाणखान्यात पुन्हा पाहुण्यांना गोष्टी सांगितल्या गेल्या की नाही, हे ठाऊक नाही. खिडकी मात्र त्यानंतर उघडीच असे, आणि थोरल्याच्या जागी भिंतीवर नुसता खिळा दिसे.

काही दिवसांनी दूरच्या गावाहून माणसे आली. त्यांच्याकडे कुणीतरी वाघीण मारून तिच्यावर पाय ठेवून मिरवणूक काढली होती. गाव खवळले होते, आणि तुमचा हा शिष्य फार चांगला बोलतो असे त्यांच्या कानावर गेले होते. शिष्याने त्यांना पाणी दिले, बसायला घोंगडी टाकली. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, "तिला पिल्लं होती का?"

"ते काही माहीत नाही, महाराज."

"मग मी बोलायला येत नाही. शोधायला येतो," तो म्हणाला आणि पडशी भरायला आत गेला.

गुरू दारात बसले होते. त्यांनी विचारले, "काय रे, राग गेला का तुझा?"

"नाही, गुरुजी," शिष्य पडशीत पोहे बांधत म्हणाला. "पण त्यांचं रान मला माहीत नाही. उजेड आहे तोवर पोचायला हवं."

गुरूंनी पाय जवळ घेऊन त्याला वाट दिली.